शंभर मीटर

गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४, डब्लिन

आजपासून इथे आयर्लंडमध्ये नवा कायदा लागू झाला. दवाखान्यापासून शंभर मीटरच्या आत उभं राहून गर्भपातासाठी येणाऱ्या बाईला अडवायचं नाही, तिच्या मनावर दबाव येईल असं काही बोलायचं-दाखवायचं नाही. राष्ट्राध्यक्षांची सही मे महिन्यातच झाली होती. अंमल सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

सकाळची ड्यूटी होती. गेटपाशी गर्भपाताला विरोध करणारी नेहमीची मंडळी होतीच. जपमाळवाले आजोबा, घडीच्या स्टुलांवर बसणाऱ्या दोघी बायका आणि तो पुरुषभर उंचीचा फलक. आज दोन गार्डा (इथले पोलीस) त्यांच्याशी बोलत होते. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. कायद्यातच असं आहे की आधी समज द्यायची, समज देऊनही पुन्हा तेच केलं तर गुन्हा. एका गार्डानं हात लांब करून कोपऱ्यावरचं दुकान दाखवलं, त्याच्या पलीकडे जा म्हणाला. बायकांनी स्टुलं मिटली. आजोबा म्हणाले, एवढी माळ पुरी होऊ दे. गार्डा खिशात हात घालून थांबला, खरोखर थांबला! मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

याच गेटवर पूर्वी किती वेळा गार्डा बोलावले असतील आमच्या लोकांनी. दर वेळी उत्तर तेच: रस्ता अडवत नाहीत, शिवीगाळ करत नाहीत, आम्ही काय करणार? २०१९ साली तर त्यांच्या प्रमुखांनीच सरकारला लेखी कळवलं होतं की आहेत ते कायदे पुरेसे आहेत. पुस्तकातला नियम पाहिला तर त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आजोबांनी कुणाला शिवी दिल्याचं मीही ऐकलेलं नाही. ते फार गोड बोलतात. तीच तर अडचण.

मध्यंतरी एक बाई आमच्याकडे आली होती. तपासणीत बाळाचे ठोके लागत नव्हते, आत कधीच थांबले होते. गर्भाशय साफ करून घ्यायला आली होती बिचारी. कपडे बदलायला गाऊन दिला तर तिनं मूठ उघडली. आत प्लास्टिकचं बाळ. करंगळीएवढं, गुलाबी, गुडघे पोटाशी घेतलेलं. गेटवर कुणीतरी हातात कोंबलं होतं, पत्रकात गुंडाळून. मला म्हणाली, "हे कुठे टाकू?" मी किडनी ट्रे (ड्रेसिंगची ती वाकडी ताटली) पुढे केला. दुसरं काय करणार? कचऱ्यात टाक असं त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं!

हे गेटवरच्या लोकांना कधी दिसत नाही. दवाखान्यात शिरणारी प्रत्येक बाई एकाच कामाला आलीय, असं धरून चालतात ते. कुणी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी करायला येते, कुणी टाके दाखवायला, कुणी माझ्यासारखी पगारासाठी. गर्भपातबंदी उठवायची की नाही यावरच्या २०१८ च्या सार्वमताआधी तर मोठमोठे रक्ताळलेले फोटो प्रसूतिगृहांसमोर उभे करायचे. मग काही तरुण पोरं-पोरी पांढऱ्या-रंगीत चादरी घेऊन ते फोटो झाकत उभी राहायची. मी तेव्हा इथे नवीन होते. कोण कुणाच्या बाजूचं हे कळायलाच वेळ लागला.

आजोबांशी माझं एकदाच नीट बोलणं झालंय. मी बसची वाट बघत होते. अंगावरचा कोट उघडा, आत युनिफॉर्म. ते शेजारी येऊन म्हणाले, "तुम्ही भारतातल्या ना? तुमच्याकडे तर मुलगी आहे म्हणून पोटातच मारतात. तुम्हाला तरी हे पटायला हवं." झोंबलं. कारण खोटं नव्हतं.

मी बेळगावची. मिरज तिथून काही लांब नाही, आणि मिरजेजवळचं म्हैसाळ मार्च २०१७ पासून कोण विसरेल? दोन मुलींच्या पाठीवर तिसऱ्यांदा दिवस गेलेली एक बाई गर्भपात करताना मेली. पोलिसांनी खणलं तर ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. आमच्याच जिल्ह्यातल्या कागवाडच्या डॉक्टरचंही नाव त्यात आलं. महाराष्ट्रात १९८८ पासून आणि देशभर १९९४ च्या कायद्यानं गर्भलिंगनिदानाला बंदी, प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर पाटी, तरी हे. पण म्हैसाळमध्ये त्या बाईला कुणी विचारलं होतं का, तुला काय हवंय म्हणून? नवऱ्याला अटक झाली होती त्या प्रकरणात. मी आजोबांना एवढंच म्हटलं, की तिथे बाईला न विचारता पाडायला लावतात, तुम्ही बाईला न विचारता ठेवायला लावता, आणि मला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. बस आली. मी चढताना त्यांनी माझी पिशवी धरली. हे असं असतं या माणसाचं.

सोमवार, २८ ऑक्टोबर २०२४

आज इथे बँक हॉलिडे आणि घरी वसुबारस. सकाळीच आईचा फोन. "काय करालीस? जेवलीस काय?" मग थोडं थांबून, "आज तारीख कुठली गं? सविताच्या आईचं काय होत असंल."

बेळगावात आजही नुसतं सविता म्हटलं की पुरतं. सविता हलप्पनवर, आमच्या गावची लेक, डेंटिस्ट. गॉलवेच्या हॉस्पिटलात २१ ऑक्टोबर २०१२ ला पाठ दुखते म्हणून गेली. सतरावा आठवडा होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. तिनं स्वतः मागितलं, मोकळं करा. पण ठोके चालू होते, आणि ठोके आहेत तोवर हात लावता येत नाही. जंतुसंसर्ग अंगभर पसरला आणि २८ तारखेला ती गेली. वय ३१. चौकशीत पुढे आलं की हा कॅथलिक रिवाज आहे असं तिला एका परिचारिकेनं समजावलं होतं. ते बोलणं मला एक नर्स म्हणून फार लागतं. तिनं तुसडेपणानं म्हटलं नसेलही. आपणही नियम सांगतो पेशंटला, दिवसातून किती वेळा.

आई दर वर्षी एकच म्हणते, "इकडं असती तर वाचली असती." आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा. इथे १९८३ साली राज्यघटनेतच आठवी दुरुस्ती घातली, आई आणि पोटातला जीव दोघांचा हक्क सारखा म्हणून. १९८० ते २०१८ या काळात आयर्लंडच्या १,७०,००० हून जास्त बायका गर्भपातासाठी परदेशी, बहुतेक इंग्लंडला, समुद्र ओलांडून जाऊन आल्या. सविताला तेवढा वेळ नव्हता. २५ मे २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढून टाकली. त्या आठवड्यात डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातल्या एका भिंतीवर तिचं मोठं चित्र काढलेलं होतं, कपाळावर टिकली, आणि भोवती लोकांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. बहुतेकींवर माफी मागितलेली. मी तिथे उभी राहून आईला व्हिडिओ कॉल लावला होता. आई बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "आता लिहून काय उपयोग?"

दुपारी चेची आली शंकरपाळी खायला. माझी मल्याळी मैत्रीण, आमच्याच वॉर्डात. पक्की कॅथलिक, रविवार चुकवत नाही. गर्भपाताच्या कामात ती हात घालत नाही, कायद्यानं तशी मुभा आहे, आणि आम्ही तिच्या ड्यूट्या त्या हिशेबानं लावतो. तिला आजोबांचं म्हणणं पटतं. त्यांची जागा पटत नाही. "येशूनं कुणाला दारात गाठून फोटो दाखवले नव्हते," असं ती हेड सिस्टरसमोर बोलली होती.

पण आज ती वेगळंच बोलत होती. शंभर मीटरचं तिला टोचतंय. म्हणाली, "इंग्लंडमध्ये एका बाईला नुसती मनात प्रार्थना केली म्हणून पकडलं होतं. उद्या माझ्याही ओठांकडे बघतील." हे खरं आहे. २०२२ ची, बर्मिंगहॅमची गोष्ट. कोर्टानं सोडलं तिला पुढे, पण पकडलं होतं हे खरंच. मी म्हटलं, इथे आधी समज देतात. ती म्हणाली, समज तरी कशाची, देवाचं नाव घेतल्याची? तासभर वाद झाला. तिची भीती मला खोटी म्हणता येईना. तिलाही ते प्लास्टिकचं बाळ आठवत होतं, कारण त्या दिवशी किडनी ट्रे तिनंच उचलून नेला होता.

आजोबा आता दुकानाच्या पलीकडे उभे असतात, फलकाशिवाय. थंडी पडलीय म्हणून चेची त्यांना परवा चहा देऊन आली. मी नसता दिला. शुक्रवारी लक्ष्मीपूजन आहे, माझी त्या दिवशीची ड्यूटी तिनं घेतलीय. ख्रिसमसची तिची मी घेणार.