वरून कोरडं, आतून ओलं

अतिनील दिव्याखाली घट्ट केलेला, चांदीचे कण असलेला काचपट्टीवरचा प्लास्टिकचा लेप वरून आरशासारखा चकचकीत दिसत होता. कडेला चिमट्याचं टोक लावलं आणि वरची साय अख्खी सुटून आली. खाली पिवळसर चिकट द्रव तसाच!

मिश्रण नेहमीचंच होतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल डायअ‍ॅक्रिलेट (घट्ट होऊन पॉलिमर बनणारा द्रव), त्यात वजनाने २ टक्के डीएमपीए हा फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाशाने ही क्रिया सुरू करणारं रसायन, आणि ५ टक्के सिल्व्हर नायट्रेट, थेंबभर डिस्टिल्ड पाण्यात आधी विरघळवलेलं. (नळाचं पाणी घेतलं तर त्यातल्या क्लोराइडने मिश्रण दुधाळ होतं.) थर १०० मायक्रॉनचा, वरून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी पाच मिनिटं, हवेतला ऑक्सिजन दूर ठेवायला नायट्रोजन चालू. प्रकाश पडला की डीएमपीएचे दोन अतिक्रियाशील तुकडे होतात, म्हणजे रॅडिकल. एक अ‍ॅक्रिलेटची साखळी सुरू करतो, दुसरा चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतो. पॉलिमर आणि चांदीचे कण एकाच दिव्याखाली तयार होतात.

लेप ओला राहिला की संशय पहिला जातो ऑक्सिजनवर. पण तो रॅडिकल गिळतो ते हवेच्या बाजूला, म्हणजे चिकट राहायला हवा होता वरचा भाग. इथे तळ ओला. चांदी वगळून एक पट्टी केली, ती तळापर्यंत कडक झाली. मग सुटलेली साय रेडिओमीटरच्या (प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राच्या) सेन्सरवर ठेवून दिवा लावला. ४० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरचा आकडा ३ वर घसरला.

चांदीचे बारीक कण साधारण ४०० ते ४३० नॅनोमीटरला सगळ्यात जास्त प्रकाश शोषतात. कण दाटले की ३६५ लाही बराच खातात. वरच्या थरात कण आधी तयार झाले आणि त्यांनी खालच्या मिश्रणाला गॉगल चढवला. वेळ दुप्पट केली, तर साय फक्त आणखी काळपट झाली.

अशा वेळी ४०५ चा एलईडी लावायला हात शिवशिवतो, कारण एरवी लांब तरंगलांबी खोलवर पोचते. चांदीच्या बाबतीत मात्र ती थेट शोषणाच्या शिखरावरच जाऊन आदळते. तो मोह टाळला.

त्याऐवजी थर २५ मायक्रॉनवर आणला, सिल्व्हर नायट्रेट १ टक्क्यावर, आणि प्रकाश खालून, काचेतून दिला. साध्या काचेतून ३६५ आरामात पार होतं, आणि घट्ट व्हायला काचेपासून सुरुवात झाली की लेप धरतोही तिथेच. हवेच्या बाजूला नायट्रोजनऐवजी पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म दाबून बसवली.

साठ सेकंदांनी फिल्म ओढली. रंग मधासारखा, स्पेक्ट्रोमीटरवर शिखर ४२० च्या आसपास. नखाने खरवडलं तरी लेप हलला नाही. एका कोपऱ्यात मात्र फिल्मखाली बुडबुडा अडकला होता. तिथे ऑक्सिजनने आपलं काम चोख केलेलं, लेप चिकट. हातमोजा नेमका त्याच बोटाला फाटलेला होता. संध्याकाळपर्यंत बोटाचं टोक काळं पडलं, आणि सिल्व्हर नायट्रेटचा डाग साबणाने जात नाही.