जोहान्सबर्ग: आधी सरकारनं आपली घरं सावरावीत

जोहान्सबर्गला राहते म्हटलं की फोनवर पहिला प्रश्न गुन्हेगारीचा येतो. प्रश्न रास्त आहे. पण शहराच्या मध्यभागात, इथले लोक ज्याला ‘सीबीडी’ किंवा नुसतं ‘टाउन’ म्हणतात तिथे, रोज कामाला जाता-येता माझं मत हळूहळू पक्कं होत गेलं आहे. टाउनचं दुखणं फक्त पोलीस वाढवून बरं होणार नाही. सुरुवात सरकारनं स्वतःच्या इमारतींपासून करायला हवी.

१९९० च्या दशकात मोठ्या कंपन्या टाउन सोडून उत्तरेला सँडटनकडे गेल्या. कार्लटन सेंटरमधलं नावाजलेलं हॉटेल १९९८ मध्ये बंद झालं, शेअर बाजार २००० मध्ये सँडटनला गेला. काही मोठ्या बँका मात्र नेटानं राहिल्या. आणि सरकार तर उलट इथे आलं. १९९४ नंतर नव्या गाउटेंग प्रांताचं मुख्यालय जोहान्सबर्गला झालं, जुन्या सिटी हॉलमध्ये प्रांताचं विधिमंडळ बसू लागलं, आजूबाजूच्या बहुमजली इमारतींमध्ये खाती थाटली गेली. सगळे निघून जात असताना हा निर्णय घेतला गेला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. घात झाला तो पुढे, इमारतींच्या देखभालीत.

५ सप्टेंबर २०१८ ला ‘बँक ऑफ लिस्बन’ नावाच्या ३१ मजली इमारतीला आग लागली. नाव बँकेचं असलं तरी आत प्रांताचं आरोग्य खातं आणि आणखी दोन खाती होती. आग विझवताना अग्निशमन दलाच्या तीन जवानांचा जीव गेला. नंतर प्रांत सरकारनंच सांगितलं की सुरक्षा नियमांचं पालन जिथे ८५ टक्के असायला हवं, तिथे या इमारतीत ते २१ टक्के होतं. म्हणजे हे कागदावर आधीपासून नोंदलेलं होतं. तरी रोज सकाळी माणसं लिफ्टनं वर जात होती, टेबलावर बसून इतरांच्या आरोग्याचे कागद हलवत होती. २४ नोव्हेंबर २०१९ ला, एका रविवारी, सुरुंग लावून ती इमारत पाडली. १०८ मीटर उंचीचा डोलारा काही सेकंदांत खाली बसला.

आपल्याकडची २०१२ ची मंत्रालयाची आग ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याहून भयंकर घटना ३१ ऑगस्ट २०२३ ची. अल्बर्ट स्ट्रीटवरच्या उसिंडिसो इमारतीत रात्री आग लागली आणि ७६ माणसं गेली. ही इमारत कुणा पळून गेलेल्या घरमालकाची नव्हती, महापालिकेची होती. वर्णद्वेषाच्या काळात तिथे पास कार्यालय होतं. काळ्या माणसाला शहरात राहायला, काम करायला लागणारा परवाना तिथे मिळायचा किंवा नाकारला जायचा. पुढे तिथे बायकांसाठी निवारा चालला. मग पालिकेनं लक्ष काढून घेतलं आणि इमारत ‘हायजॅक’ झाली, म्हणजे कब्जा करून खोल्यांच्या खोपट्या पाडून भाड्यानं दिल्या गेल्या. न्यायमूर्ती खाम्पेपे यांच्या चौकशी आयोगानं २०२४ मध्ये पालिकेवर जबाबदारी ठेवली. आगीनंतर बातम्यांत राग निघाला तो बराचसा तिथे राहणाऱ्या परदेशी मजुरांवर. मीही इथे परदेशीच आहे, पण माझ्याकडे करारपत्र आहे, भाडं भरायची ऐपत आहे. ज्यांच्याकडे ते नाही, ते लोक सोडून दिलेल्या इमारतीतच जाणार. इमारत सोडून देणाऱ्याला प्रश्न विचारायला नकोत का?

त्याच वर्षी ब्रामफाँटेनमधलं पालिकेचं मुख्यालय, मेट्रो सेंटर, आगीनंतर बंद करावं लागलं. बांधकामाचे नकाशे, फायली आत अडकल्या. शहर चालवणाऱ्यांनाच बसायला सुरक्षित जागा नाही, तर इतरांना नोटिसा कोणत्या तोंडानं द्यायच्या?

एका कागदासाठी मी टाउनमधल्या एका सरकारी कार्यालयात गेले होते. उजाडायच्या आधीपासून फुटपाथवर रांग. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले, बायका बाळांना पाठीशी ब्लँकेटनं बांधून उभ्या. दार उघडलं आणि थोड्याच वेळात सुरक्षारक्षकानं येऊन सांगितलं, ‘सिस्टीम ऑफलाइन आहे.’ कुणी आरडाओरडा केला नाही. आत जिन्यातल्या आगीच्या नळाची पेटी उघडी होती, पाइप गायब, आत चिप्सची रिकामी पाकिटं. काउंटरमागच्या बाई मात्र अतिशय आस्थेनं बोलत होत्या. एका म्हाताऱ्या आजोबांना ‘ताते’ म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची बाहेर आणून दिली. अशी माणसं अशा इमारतीत बसवायची, हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

त्याच रांगेच्या कडेला मग्विन्या, म्हणजे पिठाचे गोळे, तळणारी बाई, केळी विकणारा पोरगा, फॉर्म भरून देणारा, फोटो काढणारा. कार्यालयात माणसं येतात म्हणून यांची चूल पेटते. खातं दुसरीकडे हलवलं की आठवडाभरात हा फुटपाथ मोकळा होतो. आणि मोकळ्या फुटपाथवरून संध्याकाळी टॅक्सी रँकपर्यंत जायला कुणीही घाबरतं. पोलिसांची गाडी तासातून एकदा येते, गिऱ्हाइकांवर नजर ठेवणारी मग्विन्यावाली दिवसभर असते.

चांगलं करून दाखवलेलं उदाहरणही इथेच आहे, आणि पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतेच. हिलब्रोच्या कडेला, जुन्या किल्ल्याच्या तुरुंगाच्या आवारात, २००४ मध्ये संविधान न्यायालय उभं राहिलं. याच आवारात गांधीजी कैदेत होते, मंडेलाही. कच्च्या कैद्यांची बराक पाडली, पण तिच्या विटा न्यायालयाच्या भिंतींत वापरल्या आणि तिचे जिने तसेच उभे ठेवले. मोठ्या लाकडी दारावर संविधानातले सत्तावीस हक्क कोरलेले आहेत. न्यायालयाच्या दालनात जमिनीलगत लांबच लांब काचेची पट्टी आहे. आतून बाहेर चालणाऱ्यांचे पाय दिसतात. शाळेचे बूट, झिजलेल्या चपला. न्यायाधीशांसमोर रस्ता सतत दिसत राहावा, असं बांधकाम करणाऱ्यांना वाटलं, यापेक्षा चांगली सरकारी इमारत मी पाहिलेली नाही. श्रीमंत उपनगरात हे न्यायालय सहज बांधता आलं असतं.

गांधी स्क्वेअरही तसाच. पूर्वी तो गव्हर्नमेंट स्क्वेअर होता आणि तिथल्या न्यायालयात गांधीजी वकिली करत. आता तिथे बसस्थानक आहे, दुकानं आहेत, आणि २००३ मध्ये बसवलेला, झग्यातल्या तरुण वकील गांधींचा पुतळा.

प्रांत सरकारची विखुरलेली कार्यालयं एकत्र आणून सगळा परिसर नव्यानं उभा करायची ‘कोपानोंग’ योजना कितीतरी वर्षं ऐकतोय. २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी शहराच्या अवस्थेवर जाहीर नाराजी दाखवली, तेव्हा पुन्हा आशा वाढली. नवी संकुलं जरूर बांधा. पण मला त्याआधी हवं आहे ते स्वस्त आहे. प्रत्येक सरकारी इमारतीच्या दारावर शेवटच्या अग्निसुरक्षा तपासणीची तारीख आणि टक्के ठळक अक्षरांत लावा, म्हणजे आत जाणाऱ्या बाईला आणि तिथे काम करणाऱ्यालाही कळेल. रिकाम्या इमारतींची यादी जाहीर करा, प्रत्येकीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहा. तळमजल्यावर खिडक्या, काउंटर, फेरीवाल्यांना पाणी आणि सावली द्या.

ही मागणी मी आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरना लिहून पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. वॉर्डाच्या पुढच्या सभेत ती तोंडी मांडणार आहे. शेजारच्या दोघीतिघी सोबत यायला तयार आहेत.