आमची वाटचाल : गाळा, नाना आणि फिलर गेज

मोटरी दुरुस्त करायला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा एक वाइंडिंग मशीन, एक मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), व्हर्निश वाळवायची भट्टी आणि नाना एवढंच भांडवल होतं. नाना म्हणजे मामांच्या दुकानातले जुने वाइंडर, मोटरीत तारेची वेटोळी भरणारे. ते बरोबर यायला तयार झाले म्हणून मी डिपॉझिट भरलं, नाहीतर माझी छाती नव्हती. काम सगळं निफाड-पिंपळगावकडचं. एक फेज गेला की बागेतल्या मोटरी जळायच्या आणि रात्री अकराला पिकअप दारात उभी. "भाऊ, सकाळी पाणी सोडायचंय." पहिली काही वर्षं त्यावरच निघाली.

मग सिन्नरकडच्या एका सॉल्व्हंटच्या कारखान्यातून साडेसात एचपीची एफएलपी मोटर आली. पेट घेणारी वाफ असते तिथे वापरायच्या फ्लेमप्रूफ मोटरीला आमच्या धंद्यात सगळे एफएलपीच म्हणतात. जाड बिडाची, वजनाला भारी, बोल्टही जास्त. आम्हाला वाटलं, मोटरच आहे, जरा दणकट. वाइंडिंग नानांनी देखणं केलं. एंड शील्डच्या, म्हणजे टोकाच्या झाकणाच्या, बसणीवर गंज होता, तो मी स्वतः पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून सांध्यात सिलिकॉन भरलं. एका बोल्टचे आटे गेले होते, तिथे हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट. टर्मिनल बॉक्सच्या रिकाम्या भोकाला प्लास्टिकचं बूच. वरून रंगाचा हात. मोटर पाहून मलाच बरं वाटलं होतं.

तिथले सेफ्टीचे साहेब निवृत्तीला आलेले. त्यांनी मोटर चालवून पाहिलीच नाही. सांध्यातलं सिलिकॉन खरवडायला लावलं, बोल्ट पुन्हा आवळायला लावले, खिशातून फट मोजायचं फिलर गेज काढलं आणि पातं सांध्याभोवती फिरवलं. एका जागी ते सरकन आत गेलं.

"फिरेल हो ती. पण आत भडका उडाला तर?"

मी म्हणालो, "साहेब, वाफ आत जाणारच नाही इतकं पॅक केलं होतं."

ते हसले आणि माझ्याच चलानाच्या मागे पेन्सिलीनं चित्र काढायला बसले. मोटर तापते, निवते, तशी ती श्वास घेते. वाफ आज ना उद्या आत जाणारच. ठिणगी पडून आत स्फोट झाला तर कवचानं दाब सोसायचा, आणि पेटलेला वायू दोन धातूंमधल्या अरुंद, लांब वाटेनं बाहेर पडता पडता इतका निवायचा की बाहेरची वाफ पेटू नये. ती वाट म्हणजे फ्लेम पाथ. मी घासून रुंद केली होती तीच. कडक होणारं सिलिकॉन भरून दोन पृष्ठभाग नीट बसूही दिले नव्हते. साध्या बोल्टबद्दल काही विचारायचं मला धाडस झालं नाही. मोटर परत आणली, मूळ उत्पादकाकडून नवं एंड शील्ड आणि बोल्ट मागवले, खर्च आम्ही सोसला. ते चलान अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

पुढे आम्ही वर्षभर एफएलपीचं काम घेतलंच नाही. आयईसी 60079-19 हे दुरुस्तीचं मानक मिळवलं, प्रशिक्षण घेतलं, मोजमापाची साधनं घेतली. आता मोटर उघडली की आधी सांध्यांची मापं घेऊन कागदावर, मग वाइंडिंगची गोष्ट. फ्लेम पाथला एमरी नाही, रंग नाही. सांगितलेलं न सुकणारं ग्रीस तेवढं. दुरुस्ती मूळ प्रमाणपत्राबरहुकूम झाली असेल तरच चौकोनात 'आर' अशी खूण असलेली पट्टी लागते. ती पट्टी पहिल्यांदा ठोकली तेव्हा नानांनी पेढे आणले होते. दसऱ्याला नव्हे, पट्टीला!

गिऱ्हाईक मात्र सगळं ऐकतंच असं नाही. दारूच्या कामात असलेल्या एकानं खर्च वाचवायला जुन्या एफएलपी मोटरीला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लावला आणि ढवळणी 50 ऐवजी 20 हर्ट्झवर चालवली. भार तेवढाच, पण शाफ्टवरचा पंखाही दोन-पंचमांश वेगानं फिरणार, वारा कुठून येणार? नेमप्लेटवर टी3 होतं, म्हणजे अंग 200 अंशांपलीकडे तापता कामा नये. ते प्रमाणपत्र थेट लाइनवरच्या वापराचं होतं. ड्राइव्हवर त्याचा भरवसा उरत नाही. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ निघू लागते ते तापमान, साधारण 13 अंश, म्हणजे आपल्या डिसेंबरच्या दुपारीही वाफ तयारच. ती हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते. मी म्हणालो, ड्राइव्हसाठी प्रमाणित मोटर घ्या, वाइंडिंगमध्ये तापमान ओळखणारा थर्मिस्टर असलेली. ते म्हणाले, तुम्ही घाबरवून मोटर विकता. आम्ही मोटर विकतच नाही. काम दुसरीकडे गेलं.

सध्या गाळ्यात मागच्या रॅकवर एक पंधरा एचपी पडून आहे. कुणीतरी रंग मारताना नेमप्लेटही रंगवून टाकली. खरवडली तर अर्धी अक्षरं गेली. गॅस ग्रुप (कुठल्या वायूंसाठी) कुठला, तापमान वर्ग कुठला, काही कळत नाही. मालकांचा दर सोमवारी फोन येतो, "वाइंडिंगच करून द्या ना, बाकीचं आम्ही बघू." नाना आता सत्तरीचे, दुपारीच येतात. फोन ते उचलतात आणि म्हणतात, "कागद आणा, मग बघू."