चिवितामधली मोठी आई

परत येऊन तीन आठवडे झाले. कपडे धुऊन झाले, बॅगा माळ्यावर गेल्या, पण एक हाक अजून कानात आहे. "एया, एया!" म्हणून पिठाच्या हाताने माझ्या लेकीला बोलावणारी. तेवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

आम्ही राहतो श्टुटगार्टजवळ. ऑक्टोबरअखेर शाळेला सुट्टी लागली तशी विमानाने दक्षिण इटलीतल्या बारीला गेलो, भाड्याची गाडी घेतली आणि दोन रात्री मातेरात काढल्या. मातेरा देखणं आहे, पण प्रत्येक वळणावर फोटोसाठी रांग होती आणि त्या गर्दीत मला काहीही नीट बघता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आयोनियन समुद्र डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे निघालो. सिबारीच्या सपाटीवर संत्र्यासारख्या लहान फळांच्या बागा लागल्या, मग रस्ता पोलिनोच्या डोंगरात वर चढायला लागला आणि गावाची पाटी आली. वर 'चिविता', खाली 'चिफ्ती'. त्या खालच्या नावातल्या सी अक्षराला खाली शेपूट होतं. लेक नऊ वर्षांची आहे, तिच्या ते लगेच लक्षात आलं, कारण तिच्या वर्गातल्या तुर्की मैत्रिणीच्या नावात तेच अक्षर आहे. इटलीत हे अक्षर कसं, असं तिने विचारलं. जर्मनमध्ये विचारलं. त्याबद्दल पुढे येईलच.

ते अक्षर तिथे कसं आलं ते सांगते. ओटोमन फौजांना पंचवीस वर्षं झुंजवणारा अल्बेनियाचा गेर्ग कास्त्रिओती, म्हणजे स्कंदरबेग, 1468 साली वारला. दहा वर्षांनी, 1478 मध्ये, त्याचा क्रुयाचा किल्लाही पडला. त्या धामधुमीत हजारो माणसं समुद्र ओलांडून दक्षिण इटलीत आली आणि कालाब्रियाच्या डोंगरांत ओसाड पडलेल्या जागी त्यांनी गावं वसवली. त्यांना आर्बरेश म्हणतात आणि त्यांच्या जुन्या अल्बेनियन बोलीलाही; पाटीवरचं शेपूटवालं अक्षर त्याच भाषेतलं. चिविता त्यातलंच एक, आज हजाराच्या आतली वस्ती. चौकात स्कंदरबेगचा पुतळा आहे आणि चर्चमध्ये पूर्वेकडच्या बायझंटाइन पद्धतीची पूजा चालते. वेदीपुढे चित्रांची भिंत असते, पाद्री लग्न झालेला असू शकतो, आणि तरीही हे सगळे रोमच्या पोपलाच मानतात. त्यांच्यासाठी लुन्ग्रो इथे 1919 साली वेगळा धर्मप्रांत स्थापन झाला. हे मी जाण्याआधी वाचलं होतं आणि आपल्याकडच्या तंजावरच्या मराठी घरांची आठवण झाली होती. व्यंकोजीराजांच्या मागे गेलेली माणसं साडेतीनशे वर्षांनंतरही तमिळ मुलखात घरी मराठी बोलतात. इथे त्यावर आणखी दोनशे वर्षं.

गाव शांत आहे, म्हणजे खरोखर शांत. दुपारी एक वाजता चौकात आम्ही तिघं, दोन मांजरं आणि बाकावर बसलेले चार म्हातारे. घरांची धुराडी मात्र बघत राहावीत अशी. एकासारखं दुसरं नाही. कुणी छोटा मनोरा बांधलाय, कुणी छत्री, कुणी कौलांचा मुकुट. वाईट आत्मे धुराड्यातून घरात उतरू नयेत म्हणून असं करतात म्हणे. काही जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीवर दोन लहान खिडक्या आणि मधोमध धुराड्याचा फुगवटा आहे, त्यामुळे घराला चेहरा आल्यासारखा वाटतो. एका अल्बेनियन चित्रकाराच्या नावावरून त्यांना कोद्रा घरं म्हणतात. लेकीने आणि तिच्या बाबाने असे चेहरे शोधत संध्याकाळ घालवली.

राहण्याची जागा मला आवडली नाही. दगडी खोली, हात-हात जाड भिंती, फोटोत फार छान दिसत होती. रात्री आठनंतर इतकी गारठली की आम्ही कोट घालून झोपलो. हीटर रात्री बंद ठेवतात हे आधी सांगितलं असतं तर मी बरोबर मूल घेऊन तिथे उतरले नसते. सकाळी लेक शिंकत उठली आणि गरम काहीतरी मिळेल का बघायला मी तिला घेऊन बाहेर पडले. नवरा झोपलेला.

चर्चच्या मागे पाच-सहा घरांनी मिळून केलेलं एक छोटं अंगण आहे. सगळ्यांची दारं त्याच अंगणात उघडतात. याला ते ग्यितोनिया म्हणतात. आपल्या वाड्याचा चौक डोळ्यांपुढे आणा. पूर्वी भाजी निवडणं, मुलं सांभाळणं, भांडणं आणि समेट, सगळं त्या चौकात व्हायचं, तसंच हे. एक दार उघडं होतं आणि आत एक आजी टेबलावर कणीक मळत होत्या. मी मोडक्या इटालियनमध्ये कॉफीचं दुकान विचारलं. लेक पुन्हा शिंकली आणि मला जर्मनमध्ये म्हणाली, थंडी वाजतेय. आजींनी मान वर केली.

"काय गं मेडले, सर्दी झाली?"

जर्मनमध्ये. तेही आमच्या श्वाबेन भागातल्या खास जर्मनमध्ये! पोरीला मेडले फक्त आमच्याकडेच म्हणतात. लेक हसायलाच लागली.

इटली आणि पश्चिम जर्मनीचा कामगारांसाठीचा करार 1955 सालचा. त्यानंतर दक्षिण इटलीतली गावंच्या गावं जर्मनीला गेली. आजींचे यजमान आधी गेले, मागून त्या. श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं सुटे भाग जोडले. त्यांची चाळ होती तिथून आमचं घर ट्रेनने तीन स्टेशनं. त्यांनी आम्हाला आत घेतलं, लेकीपुढे गरम दूध ठेवलं आणि परत कणकेकडे वळल्या. कॉफीचं दुकान राहूनच गेलं.

त्या करत होत्या त्याला श्ट्रिदलात म्हणतात. कणकेचा गोळा घ्यायचा, मधे बोटाने भोक पाडायचं आणि तेलाच्या हाताने फिरवत फिरवत कडं मोठं करत न्यायचं. कडं हातभर झालं की त्याला पीळ देऊन दुहेरी करायचं, पुन्हा ओढायचं. दोनाचे चार, चाराचे आठ. तिसऱ्या-चौथ्या खेपेला टेबलावर सुताची लड पडावी तसे पदर पडले आणि एकही तुटला नाही. मी उभ्या जागी साताऱ्याला पोचले. माझी आजी उन्हाळ्यात अशाच हातशेवया करायची. ओढायची, पदर मोडायची, परत ओढायची, आणि आम्ही मुलं त्या काठीवर वाळत घालायचो. ती गेल्यापासून आमच्या घरात कुणी हातशेवया केल्या नाहीत. आईला येत होत्या, तिने सोडल्या. मला कधी आल्याच नाहीत.

मी त्या आजींना हे सांगितलं. त्यांनी काही न बोलता पिठाचा एक गोळा माझ्यापुढे ठेवला.

माझं कडं दोनदा तुटलं. तेवढ्यात आजींनी लेकीकडे बघून हाक मारली, "एया, एया!" आणि लेक दुधाचा कप ठेवून सरळ उठून आली. तिला ते मराठी वाटलं होतं. मी रोज 'ये, ये गं' म्हणते तसं. आर्बरेशमध्ये 'एया' म्हणजे ये! आजींनाही गंमत वाटली. मग दोघींचं सुरूच झालं. आकडे कसे, तर न्य, दी, त्रे, कात्र, पेस. लेक म्हणाली, पेस म्हणजे पाच ना? भाकरी 'बूक'. पाणी 'ऊय'. आणि आजी म्हणजे 'मम-मादे'. शब्दशः अर्थ विचारला तर जर्मनमध्ये म्हणाल्या, मोठी आई. आमच्या घरात माझ्या आजीला सगळी नातवंडं मोठी आईच म्हणत. पुढची पाच मिनिटं मला बोलता येईना.

तेवढ्यात त्यांचा नातू आतल्या खोलीतून आला. अकरा-बारा वर्षांचा. एक नोव्हेंबरच्या सुट्टीला जोडून मुलगा-सून तोरिनोहून आले होते. आजी त्याच्याशी आर्बरेशमध्ये भरभर बोलल्या, बहुधा आमची ओळख करून दिली असावी. त्याने शांतपणे इटालियनमध्ये उत्तर दिलं. त्या पुन्हा आर्बरेशमध्ये, तो पुन्हा इटालियनमध्ये. दोघांनाही सवय होती, कुणालाच काही खटकलं नाही. तो 'नोन्ना' म्हणत होता. मम-मादे नाही.

मला मात्र ते बघवेना, कारण ते आमचंच घर होतं. मी मराठीत बोलते, लेक जर्मनमध्ये उत्तर देते. तिला सगळं कळतं, ती बोलत नाही. चार वर्षांची असेपर्यंत घडाघडा बोलायची. मग बालवाडी, शाळा, मैत्रिणी. 'मराठीत सांग' असं मी एकेकाळी दर वाक्याला म्हणायचे. कामावरून दमून यायला लागले तसं ते थांबलं. त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देत नाही. दर शनिवारी चाळीस किलोमीटर गाडी चालवून मी तिला मराठी वर्गाला नेते आणि तिथे ती वेलांट्या बरोबर देते. पण आमच्या भागातल्या मंडळाच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन इंग्रजीतून होतं, मुलांची नाटुकली इंग्रजीतून, आरती तेवढी मराठीत. 'नव्या पिढीला कळायला हवं' म्हणतात. मी दोनदा कळकळीने बोलले आणि दोन्ही वेळा विषय जेवणाच्या मेनूवर गेला. याचा राग अजून गेलेला नाही.

आजींना मी विचारलं, जर्मनीत असताना तुम्ही काय केलंत? त्या म्हणाल्या, काहीच नाही. दिवसभर कारखान्यात जर्मन, बाजारात इटालियन, रात्री स्वयंपाकघरात नवऱ्याशी आपली बोली. मुलगा ऐकत मोठा झाला. त्या स्वतः लहान असताना शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली तर बाई हातावर छडी मारायच्या, त्यामुळे ही भाषा लिहितात हेही त्यांना खूप उशिरा कळलं. 1999 च्या कायद्याने इटलीने बारा भाषिक अल्पसंख्याकांना मान्यता दिली, त्यात त्यांची भाषा आली, रस्त्यांवर दुहेरी पाट्या लागल्या. "पाट्या छान आहेत," त्या म्हणाल्या, "पण पाटीशी बोलता येत नाही."

मग पदर कापून उकळत्या पाण्यात टाकले. दुसऱ्या शेगडीवर काबुली चण्यांना तेल, लसूण आणि कालाब्रियाच्या लाल मिरचीची फोडणी बसली. तो वास आला आणि नवरा दारात उभा! गावभर शोधून आला होता. तो शाकाहारी, तीन दिवस चीज-टोमॅटोवर काढत होता. त्या दिवशी तो तीन ताटल्या जेवला. आपली हरभऱ्याची उसळ जाड शेवयांत कालवली तर जशी लागेल तशी चव. मी निघताना पैसे द्यायला गेले तर आजींनी माझी पर्स मिटून परत माझ्या हातात दिली आणि वर वाळलेल्या ओरेगॅनोची एक जुडी दिली. दक्षिण इटलीतल्या पाहुणचाराबद्दल सगळे लिहितात. माझ्यापुरतं सांगायचं तर परदेशात चौदा वर्षं काढून मला इतकं घरच्यासारखं कुणी वागवलेलं नाही.

दुपारी रागानेल्लो नदीच्या घळीतला सैतानाचा पूल बघितला. उतरताना ठीक, चढताना गुडघे बोलतात. सैतानाने पूल बांधून दिला आणि पहिला जीव मागितला, तर गावाने मेंढी पुढे धाडली अशी गोष्ट सांगतात. जुना पूल 1998 मध्ये कोसळला, आताचा 2005 सालचा. याच घळीत ऑगस्ट 2018 मध्ये अचानक लोंढा आला आणि दहा माणसं गेली. ते माहीत असल्यामुळे मला तिथे फार वेळ थांबवलं नाही. नंतरचा दीड दिवस सिबारीच्या संग्रहालयात आणि परतीच्या रस्त्यात गेला.

बारीकडे जाताना गाडीत लेक मागच्या सीटवर मातीच्या गोळ्याने तसंच कडं करत बसली होती. तिने विचारलं, याला मराठीत काय म्हणतात? प्रश्न जर्मनमध्येच होता. मी सांगितलं, शब्द आहे, चुंबळ. म्हणजे काय? डोक्यावर हंडा ठेवताना खाली फडक्याचं कडं करून ठेवतात, ते. हंडा कशाला डोक्यावर? जर्मनमध्ये समजावता येईना आणि मराठीतही धड जमेना. शेवटी गाडी बाजूला घेऊन साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने आधी जेवलात का विचारलं, मग आतून एक जुनं लुगडं आणलं, पिळून त्याची गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर स्टीलचा डबा ठेवला आणि हात न लावता हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं.

"आजी, परत!" लेक ओरडली. आई परत चालली.