अलास्काच्या जहाजावर माझी स्कूटर

सोमवार, समुद्रात

आमच्या केबिनचं दार ३२ इंचाचं आहे आणि या एका आकड्यासाठी लेकीने मागच्या वर्षीच बुकिंग करून टाकलं होतं. साध्या केबिनचं दार २२-२३ इंच असतं, माझी बॅटरीवर चालणारी, चालता न येणाऱ्यांसाठीची चार चाकांची स्कूटर जवळपास तेवढीच रुंद, म्हणजे ती दारातच अडकणार, आणि बाहेर पॅसेजमध्ये लावून ठेवायची तर परवानगी नाही, कारण जहाज रिकामं करायची वेळ आली तर वाट मोकळी पाहिजे. नियम योग्यच आहे. म्हणून मग व्हीलचेअरवाल्यांसाठीची केबिन, ज्या अख्ख्या जहाजावर थोड्याच असतात आणि सगळ्यात आधी संपतात. बाथरूमला उंबरठा नाही, शॉवरखाली भिंतीला घडीची सीट, धरायला दांडे, आणि पडलंच तर ओढायला एक दोरी. काल संध्याकाळी मी त्या सीटवर बसून कोणालाही हाक न मारता, दार आतून लावून, पाहिजे तेवढा वेळ आंघोळ केली. प्रवासात असं कधी झालं होतं मला आठवत नाही.

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूचा साचा, मिरजेला बनवलेला, मग मोठी होईन तसे नवे नवे. त्यावर शाळा, कॉलेज, बँकेतली नोकरी, लग्न, बाळंतपण, सगळं झालं. पन्नाशीनंतर मात्र जो पाय चांगला होता तोच थकायला लागला, हात दुखायला लागले, दुपारी चार वाजता अंगातलं सगळं संपल्यासारखं व्हायचं. पोस्ट-पोलिओ सिंड्रोम. जे स्नायू आणि नसा वाचल्या त्यांनी इतकी वर्षं दुप्पट काम केलं आणि आता त्या दमल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि हेही सांगितलं की जिद्दीने जास्त चालून हे बरं होत नाही, उलट वाढतं. आयुष्यभर ज्या जिद्दीसाठी लोकांनी पाठ थोपटली तीच आता आवरायची म्हणजे काय ते ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं.

आज सकाळी साडेपाचला जाग आली. लेक-जावई झोपलेले. मी कॅलिपर चढवला, चार्जरची पिन काढली, आणि निघाले. कुठे? कुठेच नाही. नुसती निघाले. स्कूटरच्या हँडलवर वेगाचं एक गोल बटन आहे, एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. पॅसेज इतका लांब आणि मोकळा की मी ते सशाकडे फिरवलं. गालिचा जाड आहे त्यामुळे बॅटरी जरा जास्त खाते (रोज रात्री न विसरता चार्जिंग, हे लक्षात ठेवायचं). बाहेरच्या डेकवर जायला दाराशी उंचवटा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून, पण त्याला दोन्हीकडून उतार केलाय आणि दार बटनाने उघडतं. बाहेर लाकडी फळ्या, वारा, आणि एक जपानी आजोबा व्यायाम करत होते, त्यांनी मान लववली, मी नमस्कार केला. पूर्ण फेरी मारली. पुन्हा एक मारली.

मला वाटतं लोकांना हे समजत नाही. चालायला त्रास होतो त्याचं सगळ्यांना वाईट वाटतं, पण त्याहून मोठी गोष्ट ही असते की उगाच फिरणं बंद होतं. एकेक पाऊल मोजून टाकायचं म्हणजे कामाशिवाय उठायचंच नाही. शिवाय बरोबर नेहमी कोणीतरी, आणि ते कोणीतरी आपल्यासाठी हळू चालतंय याचं ओझं. "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलंय. आज नाश्त्याला जाताना लेक मागून म्हणाली, आई, जरा हळू ना! मला इतका आनंद झाला की मी थांबलेच नाही.

मंगळवार, जुनो

जुनो ही अलास्काची राजधानी आणि तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही, फक्त बोट नाहीतर विमान. दुपारी लागलो. धक्का तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, आणि इथे भरती-ओहोटीतला फरक १५-२० फूट असतो, म्हणजे कोकणातल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे धक्क्यावरून रस्त्यावर नेणारा जो पूल आहे त्याचा उतार तासातासाला बदलतो. जाताना जवळजवळ सपाट, संध्याकाळी परत आलो तर हा घसरगुंडीसारखा खाली गेलेला. जावई म्हणाले, आई तुम्ही उतरा, मी गाडी नेतो. पण या स्कूटरचा लिव्हर सोडला की ब्रेक आपोआप लागतो, मी बटन पार कासवावर आणलं, जहाजाचा एक पोरगा समोर उलटा चालत होता आणि एक मागे, आणि आम्ही सावकाश उतरलो. पोरगा म्हणाला की कुठल्याही बंदरावर उतरताना परत यायच्या वेळी पाण्याची पातळी काय असेल ते आधी विचारत जा. उद्यापासून विचारणार.

मेंडेनहॉल ग्लेशियरला, म्हणजे हिमनदीला, लिफ्टवाल्या बसने गेलो, बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं म्हणून ती मिळाली. तिथून फोटो पॉइंटपर्यंत पक्की वाट आहे, स्कूटर थेट जाते. पाऊस होता. छान होतं.

लिफ्टबद्दल मात्र लिहिणारच. जेवायच्या वेळी जहाजाच्या लिफ्टपाशी मी कधीची थांबलेली असते, दार उघडतं, आणि मागून आलेली धडधाकट माणसं बाजूने आत शिरतात. त्यांना जिना आहे, मला नाही. वाईट कोणी नसतं, बसलेल्या माणसाकडे नजरच जात नाही एवढंच. दुसरं म्हणजे काउंटरवरची बाई लेकीला विचारते, "यांना काय हवंय?" मी समोर बसलेली असताना. याउलट आमच्या टेबलचा वेटर पहिल्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या डोळ्यांच्या पातळीला वाकला आणि मलाच विचारलं, खुर्चीत बसणार की स्कूटरवरच, आणि स्कूटर कुठे लावू. ट्रेनिंग असेल, असू दे. सगळ्यांना द्या ते ट्रेनिंग.

बुधवार, ग्लेशियर बे

सकाळी एका लहान बोटीतून नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढले आणि दिवसभर माइकवर माहिती देत होते. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजावरची माणसं इथे आली तेव्हा खाडीच नव्हती, तोंडाशीच बर्फाची भिंत. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आले तोवर तो बर्फ ४० मैलांहून जास्त मागे हटलेला होता. आम्ही ज्या पाण्यावरून तासन् तास जात होतो ते सगळं तेव्हा बर्फाखाली होतं.

मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबलं. मैलभर रुंद, पाण्यावर २५० फूट उंच, निळा. मी स्कूटर कठड्याला लावली, किल्ली काढली आणि उभी राहिले. सगळे दिवस पाय राखून ठेवले होते म्हणून उभं राहता आलं, कठड्याला टेकून, खूप वेळ. एक मोठा कडा सुटला. आधी दिसतो तो पडताना, पाणी उडतं, आणि मग जरा वेळाने आवाज येतो, तोफेसारखा. लेकीने खांद्यावर हात ठेवला, बस आता म्हणाली. मी म्हटलं नाही गं, अजून एक पडू दे.

वहिनीचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला होता, फोटो बघून. "अगं चालता येतंय तेवढं चालावं माणसाने, गाडीची सवय लागली की पाय जातात." माया आहे तिची, पण हे मला पटत नाही आणि मी तिला तसं सांगितलं. आज मी कठड्याशी उभी राहिले ती स्कूटरमुळे. ती नसती तर केबिनपासून डेकपर्यंत येण्यातच सगळं संपलं असतं आणि ग्लेशियर मी काचेतून पाहिला असता.

गुरुवार, सिटका

हे गाव १८६७ पर्यंत रशियाचं होतं, अलास्का अमेरिकेकडे आला तो कार्यक्रम इथेच झाला. पूर्वी मोठी जहाजं इथे समुद्रातच नांगर टाकायची आणि लोकांना लहान बोटीतून किनाऱ्यावर न्यायची. आता गावाबाहेर धक्का आहे, तिथून बस मिळते. लेकीने रूट ठरवताना हेच पहिलं बघितलं होतं, प्रत्येक बंदराला धक्का आहे का. कारण लहान बोटीत उतरायचं म्हणजे हलत्या पायऱ्या, आणि मोठी स्कूटर त्यात बहुतेक वेळा घेतच नाहीत. तेव्हा फिरायला गेलेल्यांना वरून हात हलवत बसायचं.

मला आमची कोकणबोट आठवली. भाऊच्या धक्क्यावरून निघायची, रत्नागिरीला बोट लांब उभी राहायची आणि पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरावं लागायचं. खाली पडाव लाटेबरोबर वर यायचा, खाली जायचा. बाबा मला कडेवर घेऊन शिडीवर थांबायचे, पडावातला खलाशी हात वर करून उभा, आणि पडाव वर आला की बाबा मला त्याच्या हातात द्यायचे. कॅलिपर जड, तो त्याच्या छातीवर आपटायचा. कधी कोणी कुरकुर केली नाही. पण मी सात-आठ वर्षांची झाले तरी तशीच, सामानासारखी, आणि सगळा पडाव माझ्याकडे बघत असायचा. त्या शिडीवर मी डोळे मिटून घ्यायचे.

टोटेम खांबांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या कोरीव लाकडी खांबांच्या, पार्कात मात्र एकटी गेले. उंच झाडांतून सपाट वाट, मधेच एखादा कोरलेला खांब. लेक-जावई कॉफीला बसले होते.

शनिवार, व्हिक्टोरिया

काल केचिकानला धो धो पाऊस. वर्षाला १५० इंच पडतो म्हणे तिथे. बॅटरीवर आणि हँडलवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि जवळच फिरून आलो.

आज संध्याकाळी कॅनडा. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदवलेल्या, जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मधे परदेशातलं एक तरी बंदर घ्यावंच लागतं, १८८६ चा कायदा आहे, म्हणून मला कॅनडाचा व्हिसाही काढावा लागला. झेंड्यावरून आणखी एक. परदेशी झेंडा म्हणून अपंगांसाठीचा अमेरिकन कायदा आम्हाला लागू नाही, असं एका क्रूझ कंपनीचं म्हणणं होतं. ज्यांना जास्त भाडं भरावं लागलं, नीट वागणूक मिळाली नाही, अशा प्रवाशांनी केस केली, आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अमेरिकेच्या पाण्यात कायदा लागू आहे, काही मर्यादा ठेवून का होईना. या आठवड्यात जी बटनं मी दाबली, जे उतार वापरले, त्यांच्यामागे अशी भांडलेली माणसं आहेत. त्यांचे आभार मानायला हवेत.

मघाशी वहिनीचा पुन्हा फोन. आवाज बारीक करून म्हणाली, "अगं, ती गाडी भाड्याने मिळते का? ह्यांचे गुडघे आता..." मी सांगितलं, मिळते, कंपन्या थेट केबिनमध्ये आणून ठेवतात, पण कुठल्या कंपनीची भाड्याची गाडी जहाजावर चालते ते जहाज कंपनीला आधी विचारायचं. मागून दादाचा आवाज आलाच, "मला गाडी-बिडी काही नको हां, मी चालेन हळूहळू."

मी म्हटलं वहिनी, फोन दादाकडे दे. आणि मग अर्धा तास त्याच्याशीच बोलले.