फोन लागला की ठिपका थांबायचा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांच्या आसमंतात सॅटेलाइट फोनला पर्याय नाही. हजार फुटांवरून व्हीएचएफ रेडिओ जेमतेम ७० किलोमीटर पोचतो. ६० अंश उत्तरेला विषुववृत्तावरचे भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून फार तर २२ अंश वर, म्हणून आमच्या बचाव हेलिकॉप्टरवर इरिडियम, म्हणजे ध्रुवांवरून फिरणाऱ्या खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचा फोन.

त्या सकाळी कंट्रोल रूमच्या नकाशावर हेलिकॉप्टर समुद्रात एका जागी खिळलं. त्यावरचा ट्रॅकर जीपीएसने काढलेली जागा दर २ मिनिटांनी पाठवतो. तीन ठिपके एकावर एक, आणि वेग मात्र १३८ नॉट (ताशी सुमारे २५५ किलोमीटर)! ड्यूटीवरच्याने घाबरून फोन लावला. क्रू म्हणाला, सगळं ठीक आहे. तो बोलत होता तोवरही ठिपका जागचा हलला नाही. फोन ठेवला आणि पुढच्या खेपेला त्याने थेट कैक मैलांची उडी घेतली. सुरुवातीला पॅरामेडिक रुग्णालयाशी फोनवर होता, हे नंतर कळलं. म्हणजे काळजीने केलेला फोनच ठिपक्याला धरून ठेवत होता.

हेलिकॉप्टर परतल्यावर आधी संशय घेतला खाऱ्या हवेचा. अँटेना केबलचे टीएनसी कनेक्टर उघडले, कोरडे निघाले. अँटेनाचं बाँडिंग, म्हणजे हेलिकॉप्टरच्या धातूशी असलेल्या जोडाचा रोध, १.८ मिलिओहम, म्हणजे २.५ च्या मर्यादेत. मग हेलिकॉप्टर हँगरबाहेर काढलं (पत्र्याखाली ही चाचणी करण्यात अर्थ नाही) आणि ट्रॅकरला मिळणारे जीपीएस उपग्रहांचे सिग्नल पाहत बसलो. फोन बंद असताना ४४ डीबी-हर्ट्झ (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरदार, याचं माप). फोन लावला, काही सेकंदांत २५ च्या खाली, आणि फिक्स, म्हणजे जीपीएसने काढलेली जागा, गेला.

जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, इरिडियम १६१६ पासून पुढे. मध्ये जेमतेम ४१ मेगाहर्ट्झ. फोन दर ९० मिलिसेकंदांना ८ मिलिसेकंदांचा, ७ वॉटपर्यंतचा सिग्नलचा ठोका देतो. फोनच्या अँटेनापासून अवघ्या ३८ सेंटिमीटरवर ट्रॅकरचा जीपीएस अँटेना, आतला अँप्लिफायर बिनफिल्टरचा, म्हणजे शेजारच्या लहरी न अडवणारा. एका ठोक्यातून तो सावरतो न सावरतो तोच दुसरा. कॉकपिटच्या जीपीएसचा अँटेना लांब, फिल्टरवाला. म्हणून पायलटला काहीच जाणवलं नाही.

कोणता अँटेना हलवायचा यावर बराच वाद झाला. फोनचा हलवला असता तर केबल साडेचार मीटर झाली असती. बारीक केबल मीटरमागे पाऊण डेसिबल सिग्नल खाते आणि इरिडियमला कनेक्टर धरून ३ डेसिबलच्या वर चालत नाही. जीपीएसच्या अँटेनात अँप्लिफायर असल्याने तिथे लांब केबल खपते. तोच पुढे नेला, फिल्टरवाला बसवला. पुन्हा चाचणी: फोन चालू असताना ४२.

मला खरा राग आला तो सॉफ्टवेअरचा. फिक्स गेल्यावर ट्रॅकर जुनीच जागा नव्या वेळेसह पाठवत होता, पण सोबत ‘फिक्स अवैध’ हा फ्लॅगही (इशारा देणारी खूण) जात होता. नकाशाने तो वाचलाच नव्हता. आता असा ठिपका राखाडी होतो आणि शेजारी शेवटचा खरा फिक्स किती मिनिटांपूर्वीचा, तो आकडा दिसतो.