शाळा सुटल्यावरची एसटी: फेरीची वेळ बदलून घेण्याचा अनुभव

‘आमच्या गावाला संध्याकाळी एसटी सुरू करावी’ असा अर्ज आगारात दिला की ‘गाडी उपलब्ध नाही’ हेच उत्तर येतं. आणि ते बहुधा खरंच असतं. आगारातली प्रत्येक गाडी पहाटेपासून रात्रीपर्यंत कुठल्या ना कुठल्या शेड्यूलला बांधलेली असते. म्हणून नवी फेरी मागण्यापेक्षा चालू फेरी सरकवून मागावी. आमचं काम त्यामुळेच झालं.

अडचण नेहमीचीच. तालुक्याच्या स्टँडवरून गाडी 4:50 ला सुटायची, शाळा 5 ला. त्यानंतरची थेट रात्री. मुलं वडापला, म्हणजे खासगी प्रवासी जीपला, लटकून यायची. आम्ही वेळ मागितली 5:15. नकार आला. मग वाहतूक नियंत्रकांकडे बसून त्या गाडीचं पूर्ण शेड्यूल उतरवून घेतलं. अर्जाआधी हेच करायला हवं होतं.

गाव 18 किमी. जायला 45 मिनिटं, गावात 10 मिनिटं थांबा, 6:30 ला परत स्टँडवर. तीच गाडी 6:45 ला दुसऱ्या गावी मुक्कामाला जाते, 8:15 ला पोचते आणि पहाटे 5:30 ला निघते. तेव्हा लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 प्रमाणे (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी श्रम संहिता आली आहे) चालक-वाहकांना दोन ड्युट्यांच्या मध्ये सलग 9 तास विश्रांती लागायची. आमची फेरी 25 मिनिटं पुढे गेली तर मुक्कामाला पोचायला 8:40 होणार, विश्रांती उरणार 8 तास 50 मिनिटं. म्हणजे अडलं होतं दहा मिनिटांवर, आणि आम्ही इकडे आगाराच्या नावाने बोटं मोडत होतो! 15 मिनिटं सरकवली तर बरोबर 9 तास भरतात. म्हणून मागणी 5:05 ची केली. मुख्याध्यापकांनी शेवटचा तास 5 मिनिटं अलीकडे घ्यायचं लेखी दिलं.

अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र (थांब्यानुसार मुलांची संख्या, शाळेची वेळ) आणि प्रवासी मोजणी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

मोजणीत लोक हमखास चुकतात. एकच दिवस मोजतात, तोही बाजाराचा. तीन दिवस मोजा: सोमवार, बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस. पासवरच्या मुलांचं रोज तिकीट फाटत नाही, त्यामुळे तिकिटांच्या हिशेबात गाडी रिकामी आणि प्रत्यक्षात दारापर्यंत भरलेली असं होतं. वहीत वेगळे रकाने पाडा: पासधारक, पूर्ण तिकीट, महिला (17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट), 75 वर्षांवरचे (ऑगस्ट 2022 पासून मोफत). सवलतीच्या प्रवाशांना मोजायचं कशाला, असं म्हणू नका. त्या रकमेची भरपाई सरकारकडून होते.

नुसती वेळ बदलायची असेल तर रस्ता तपासायला कुणी येत नाही. थांबा आत वस्तीपर्यंत वाढवायचा असेल तर वाहतूक निरीक्षक येऊन पाहतात. गाडी सुमारे 11 मीटर लांब. देवळासमोर वळेल असं सगळ्यांना वाटतं, पण तिथे पार असतो आणि पारापुढे कुणाची तरी बैलगाडी. निरीक्षकांसमोर प्रत्यक्ष ट्रॅक्टर-ट्रॉली वळवून दाखवण्यात अर्थ नाही, ट्रॉली मध्येच दुमडते, बस दुमडत नाही. टपाला लागणाऱ्या बाभळीच्या फांद्या आधीच तोडाव्यात, लोंबणाऱ्या वीजतारा महावितरणकडून ताणून घ्याव्यात. वाटेत फरशी पूल असेल तर पावसाळ्यात गाडी अलीकडून कुठे वळेल तेही ठरवून ठेवावं.

बदल मंजूर झाला तरी पहिला महिना जपायचा असतो. वडापवाला 5 ला ‘चला, चला’ करत उभाच असतो. मोठी माणसं त्यात बसली की एसटीचं भारमान (भरलेल्या जागांचं प्रमाण) पडतं, आणि आगारात गाडी कमी पडली की आधी अशाच फेरीवर काट मारली जाते. फेरी रद्द झाली की तारीख आणि वेळ वहीत टिपा आणि आठवड्याने लेखी द्या. फोनवरच्या तक्रारीचा माग राहत नाही. आषाढीला मात्र भांडू नका. आगाराच्या गाड्या पंढरपूरला जादा म्हणून जातात, त्या चार-पाच दिवसांची सोय शाळेशी बोलून आधीच लावून ठेवा.